ओळखीचा शब्द

ज्या मनुष्यानें आपलें सारें आयुष्य मुलांकडून शब्द घोकून घेण्यांत घालविलें, त्याच्यावरच उतारवयांत पाटी घेऊन बसण्याची पाळी यावी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. तो माझ्या वांट्यास आला, आणि त्याला कारण झाली आमच्या घरच्या लांकडी पेटींतील जीर्ण कागदांची एक चळत.

आमचा बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १८८० नंतरच्या दशकांत तेथील दरबारी कामकाज फारसींतून उर्दूंत आलें, आणि १९१८ मध्यें हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उच्च शिक्षणहि उर्दूंतूनच दिलें. घरीं मराठी, देवापुढें संस्कृत आणि कचेरींत उर्दू, अशी आमच्या वाडवडिलांची त्रिस्थळी यात्रा नित्य चाले. माझ्या पिढीचा मात्र उर्दू अक्षराशीं संबंधच उरला नाहीं.

पेटींतील एका कागदावर फसली सन १३४६ होता. त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन १९३६-३७ निघतो. आजी सांगे कीं, त्या सालीं आजोबांनीं धाकट्या भावास शेताचा ‘राजीनामा’ लिहून दिला, तोहि दबावानें. तेव्हांपासून दोन्हीं घरांत सुतक पाळलें जाई, पण एकमेकांच्या लग्नास कोणी जात नसे. अपमान आठवतो म्हणून वडील ती पेटी उघडीत नसत.

निवृत्तीनंतर मीं उर्दू शिकावयाचें ठरविलें. आमच्या गल्लींतच उर्दू शाळेंतील एक निवृत्त शिक्षक राहतात. मी त्यांस ‘उस्ताद’ म्हणूं लागलों. ते मला ‘पंडितजी’ म्हणत. लिपि तीन महिन्यांत आली. शब्द मात्र टिकेनात. बाळपणीं अमरकोश पाठ केलेला असल्यामुळें मीं तीच वाट धरली. शिवकालीं रघुनाथ पंडितांनीं दरबारी फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश श्लोकबद्ध केला, तें उदाहरण समोर होतेंच. मींहि शंभर उर्दू शब्द अनुष्टुभांत बसविले आणि प्रातःकाळीं खड्या स्वरांत म्हणूं लागलों. श्लोक पाठ झाले. परंतु कागदावर एकटा शब्द भेटला, कीं तो ओळखण्यासाठीं मला श्लोक पहिल्यापासून म्हणावा लागे! रांगेंत उभा असलेला मुलगाच तेवढा ओळखूं येणाऱ्या मास्तरासारखी माझी गत झाली.

उस्ताद हंसून म्हणाले, “पंडितजी, शब्द एकटा घेऊं नका, त्याच्या घरच्या माणसांसह घ्या.” त्यांनीं मला दिवसाला पांचच शब्द लावून दिले. प्रत्येक शब्द एका वाक्यांत लिहावयाचा. दुसऱ्या दिवशीं, चौथ्या दिवशीं व दहाव्या दिवशीं अर्थ झांकून तो आठवावयाचा. आणि चुकला तर पुन्हां पहिल्या दिवसापासून आरंभ करावयाचा. एबिंगहाउस नांवाच्या जर्मन पंडितानें निरर्थक अक्षरें स्वतः पाठ करून स्मरणाची परीक्षा केली व १८८५ मध्यें ग्रंथ लिहिला. विसर पडतो तो पहिल्या कांहीं तासांतच अधिक, आणि एकाच बैठकींत केलेल्या घोकंपट्टीपेक्षां अनेक दिवसांवर वांटलेली उजळणी थोड्या श्रमांत अधिक टिकते, असें त्यास आढळलें. उस्तादांनीं तो ग्रंथ वाचला नव्हता. त्यांचें ज्ञान चाळीस वर्षांच्या शिकवणुकींतलें होतें.

नवे शब्द अशा रीतीनें टिकूं लागले. फसविलें तें जुन्या ओळखीच्या शब्दांनीं. आपण प्रयत्नांची ‘शिकस्त’ करतों. उर्दूंत शिकस्त म्हणजे पराभव. आपण ‘रजा’ घेऊन घरीं बसतों. उर्दूंत रजा म्हणजे संमति. अपरिचित शब्दाशीं मनुष्य सावधपणें बोलतो. परिचिताला मात्र तो ‘कोण’ म्हणून विचारीतच नाहीं.

वर्ष संपतांना आम्हीं तो कागद उघडला. लेखन शिकस्ता, म्हणजे मोडक्या वळणाचें. नुक्ते गळालेले, अक्षरें एकांत एक गुंतलेलीं. असा मजकूर, शब्द आधींच ठाऊक असेल तरच वाचतां येतो. पहिल्याच ओळींत ‘राजीनामा’ होता. मीं निःश्वास टाकून कागद खालीं ठेवला. उस्ताद म्हणाले, “पुढें वाचा.” पुढें ‘फरीकैन’, म्हणजे दोन्ही पक्ष, आणि ‘बरजा व रगबत’, म्हणजे खुषीनें व इच्छेनें. उर्दू कचेरींत नोकरी सोडण्याच्या कागदाला इस्तीफा म्हणतात. राजीनामा म्हणजे उभयपक्षीं राजी होऊन केलेला समेट! शेत दोघांत वांटलेलें होतें, विहिरीचें पाणी पाळीपाळीनें घ्यावयाचें होतें, आणि खालीं दोघां भावांच्या सह्या होत्या.

‘राजी’ हा शब्द त्या ‘राजीनाम्या’च्या पोटांतच बसलेला होता. व्युत्पत्ति शिकविण्यांत माझा जन्म गेला, आणि तो मला दिसला नाहीं. भाऊभाऊ पुढें कशानें दुरावले, हें कागद सांगत नाहीं. पण आजोबांवर कोणी जबरदस्ती केली नव्हती, एवढें त्यानें स्वच्छ सांगितलें.

येत्या रविवारीं मी कागद घेऊन चुलतभावाच्या घरीं गेलों. त्यांच्या घरीं वेगळीच कथा होती: थोरल्यानें रागानें धाकट्याचा ‘राजीनामा’ दिला, म्हणजे त्यास टाकलें! त्यांनीं कागद दोनदां वाचून घेतला. वहिनींनीं कांहीं न बोलतां पाट मांडले.

आतां त्यांच्या माळ्यावरचेंहि एक बाड माझ्याकडे आलें आहे. उस्ताद व मी रोज त्यांतील पांच ओळी लावतों. ओळखीचा शब्द दिसला, कीं मी प्रथम थांबतों, त्याच्या मागचें-पुढचें वाक्य वाचतों, आणि मगच अर्थ लिहितों.