मुलांचें भय आणि मुलांचा गुन्हा

आपल्या घराघरांतून एक जुनी चाल आहे. मूल जेवतांना त्रास देऊं लागलें, दिवेलागण झाली तरी अंगणांतून आंत येईना, कीं घरांतील वडील माणूस त्यास बजावतें, "बुवा येईल आणि झोळींत घालून घेऊन जाईल." हा बुवा बहुधा दाढी वाढविलेला, भगवी छाटी पांघरलेला आणि परगांवचा असावयाचा. मूल घाबरतें, मुकाट्यानें घांस गिळतें, आणि मंडळी हंसतात. आम्हांसही लहानपणीं हा बुवा पुष्कळदा दाखविण्यांत आला. ही सारी थट्टाच. परंतु डहाणू तालुक्यांतील गडचिंचले येथें १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं जें घडलें, तें आठवलें म्हणजे या थट्टेचा विचार निराळ्या दृष्टीनें करणें प्राप्त होतें.

ती हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. तथापि ओघासाठीं ती थोडक्यांत सांगतों. करोनाच्या साथीमुळें त्या वेळीं देशभर टाळेबंदी होती. मुंबईंतील कांदिवलीहून दोन साधु, एक सत्तर वर्षांचे व दुसरे पस्तिशीचे, एका अंत्यविधीसाठीं मोटारीनें सुरतेस निघाले होते. मोटार हांकणारा तिशींतला तरुण होता. हमरस्ता सोडून ते आंतल्या वाटेनें गेले आणि दादरा-नगरहवेलीच्या सीमेलगत गडचिंचले येथें अडले. मुलें पळविणारे आणि माणसांचीं मूत्रपिंडें काढून नेणारे लोक रात्रीं फिरतात, अशी अफवा त्या बाजूस पसरली होती. पाड्यापाड्यांवर पहारे बसले होते. त्याच आठवड्यांत त्या भागांत शिधा वाटून परतणाऱ्या एका डॉक्टरावर व पोलिसांवरही हल्ला झाला होता. मोटार दिसतांच जमाव लोटला. आणि पोलीस येऊन पोहोंचले असतांही त्यांच्या समक्ष तिघांचे प्राण गेले.

पोलिसांनीं लागलीच ११० जणांस धरलें. त्यांत नऊ जण अल्पवयीन होते. या नऊच्या आंकड्यापाशीं आमचें मन अडून राहिलें आहे. मुलांस कोणी पळवूं नये म्हणून जो जमाव जमला, त्यांतच हीं मुलें उभीं होतीं, असा त्यांच्यावरील आरोप आहे. ज्यांच्या रक्षणासाठीं पहारा, त्यांनाच त्या पहाऱ्यानें आरोपी करून ठेवलें! पुढें वृत्तपत्रांतून आणि सभांतून मोठा वाद झाला, तो धर्माचा आणि पक्षांचा. राज्याच्या गृहमंत्र्यांनीं धरलेल्या प्रौढांच्या नांवांची यादी प्रसिद्ध केली. मुलांचीं नांवें कायद्यानें झांकलेलीं राहिलीं, आणि तें योग्यच झालें. परंतु नांवांबरोबर त्यांच्याविषयींचा विचारही झांकला गेला, असें आम्हांस वाटतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. निरपराध तीन माणसें मारलीं गेलीं. त्यांपैकीं एक वृद्ध होते व पोलिसाच्या आश्रयास आले होते. कोवळें वय ही या कृत्याची सबब होऊं शकत नाहीं. मृतांच्या आप्तांपुढें ती सबब मांडण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. आमचा प्रश्न इतकाच कीं, शाळेंत जाण्याच्या वयाचा मुलगा अशा रात्रीं अशा जागीं येतो कसा? एकटा येत नाहीं. बाप, काका, थोरला भाऊ पहाऱ्यास निघतात आणि त्यांच्यामागून तोही निघतो. दगड उचलावा कीं नाहीं, याचा निर्णय त्याच्यासाठीं वडीलधाऱ्यांनीं आधींच केलेला असतो.

परक्या मोटारीचें भय त्या मुलखांत अगदींच निराधार उपजलें असेंही म्हणवत नाहीं. डहाणू-तलासरीच्या वारल्यांत 'लग्नगडी' हा शब्द कांहीं पिढ्यांपूर्वीं रोजच्या वापरांतला होता. लग्नाच्या उंबरठ्यावरील तरुणानें सावकार-जमीनदाराकडून थोडे रुपये उचलावे आणि त्या फेडीपायीं त्यानें व त्याच्या बायकोनें आयुष्यभर त्याच्या घरीं राबावें, असा तो करार. या वेठीचें वर्णन सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याच्या १९३९ सालच्या अहवालांत आहे. २३ मे १९४५ रोजीं झरी येथें वारल्यांची मोठी परिषद भरली, शामराव व गोदावरी परुळेकरांच्या पुढारीपणाखालीं वेठ मोडली गेली. त्यापायीं त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलासरीजवळ गोळीबारांत पांच माणसें पडलीं. तरुणांस पळवून नेणारा तेथें झोळी घेऊन येत नसे; तो खतावणी घेऊन बसलेला असे. हा इतिहास गडचिंचल्याचें समर्थन नव्हे. परंतु ज्या समाजाच्या तरुणांवर पिढ्यान्पिढ्या गुन्हा घडला व तो गुन्हा म्हणून कोणी नोंदलाही नाहीं, त्या समाजास चौकीपेक्षां स्वतःचा पहारा जवळचा वाटला, तर तें नवल नाहीं.

हें केवळ अरण्यांतील अज्ञानाचें फळ, असें म्हणून आपणां शहरवासीयांस मोकळें होतां येत नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें याच अफवेपायीं भिक्षेकरी डवरी गोसावी समाजांतील पांच जण मारले गेले. त्या वर्षीं देशांत ठिकठिकाणीं असे बळी पडले, आणि अफवा वाहून नेणारा मोबाइल सुशिक्षितांच्याच हातांत आधीं आला होता. अखेर त्याच जुलैंत व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास मनाई केली. "खरें असो नसो, सावध केलेलें बरें," असें म्हणून निरोप पुढें ढकलणारी मंडळी आमच्या परिचयांत आहेत. तीं सर्व मायाळू आईबाप आहेत.

याच डहाणू तालुक्यांत परक्या माणसांची दुसरी एक कथा घडलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघी १९४५ सालीं बोर्डीस येऊन बालशिक्षणाच्या कामास लागल्या व पुढें कोसबादच्या टेकडीवर राहिल्या. अनुताईंचा तेराव्या वर्षीं विवाह होऊन लगोलग वैधव्य आलेलें. बाळपण हिरावून घेणें म्हणजे काय, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. पोरें शाळेंत येत नाहींत, असें पाहून त्यांनीं शाळा पाड्याच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्यांसाठीं ती कुरणांत नेली. दोन परक्या स्त्रिया वारल्यांच्या मुलांस रोज जवळ घेत होत्या, आणि कोणी दगड उचलला नाहीं. विश्वास त्यांनीं मागितला नाहीं. रोज जाऊन जाऊन मिळविला.

त्या नऊ मुलांचें पुढें काय? २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें अशा मुलास फांशी देतां येत नाहीं, आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही देतां येत नाहीं. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असला, तर त्याची समज किती होती हें बाल न्याय मंडळ आधीं तपासतें. मुलगा सुधारूं शकतो, या श्रद्धेवर तो कायदा उभा आहे. ती श्रद्धा न्यायालयाबाहेर आपणांपाशीं आहे काय? तीं मुलें आज वयांत आलीं असतील. कोणी कामावर ठेवील, कोणी दाराबाहेरूनच परत पाठवील. त्यांस परत पाठविणाराही आपल्या मुलांच्या काळजीनेंच तसें करील.

मुलांच्या काळजीपोटीं मनुष्य काय काय करूं शकतो, हें गडचिंचल्यानें दाखविलें. मुलास भय घालणें सोपें आहे. त्यास कांहीं कष्ट पडत नाहींत. ओरडणाऱ्या जमावांतून त्याचा दंड धरून त्यास घरीं आणणें आणि "मोटारींतल्या माणसांस आधीं विचारूं द्या," असें मोठ्यानें म्हणणें कठीण आहे. परंतु वडीलपण म्हणतात तें हेंच. त्या रात्रीं एवढें म्हणणारे नऊ बाप मिळाले असते, तर कदाचित् ती मोटारही पुढें गेली असती.