उसाच्या गावातला हलका दगड

गच्चीवरच्या बागेत काळ्या पाषाणाची कुंडी परवडत नाही. बसाल्टचे वजन घनमीटरला सुमारे 2,900 किलो भरते, साध्या काँक्रीटचे 2,400. म्हणून सिमेंटमध्ये वाळूऐवजी भुसभुशीत द्रव्ये कालवून दगडासारखी दिसणारी कुंडी घडवतात. इंग्लंडमधल्या बागप्रेमींनी ही रीत गुरांच्या दगडी डोणींना पर्याय म्हणून रुळवली. तिला हायपरटुफा म्हणतात. प्रचलित मापात एक भाग सिमेंट, दीड भाग पीट मॉस आणि दीड भाग परलाइट. अकलूजसारख्या उसाच्या गावात पीट मॉस मागवण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी काय घालायचे, हा खरा प्रश्न आहे आणि माझे मत ठाम आहे: धुतलेले कोकोपीट घालावे, बगॅस म्हणजे उसाचे चिपाड घालू नये.

बगॅसचा मोह इथे स्वाभाविक आहे. शंकरनगरचा सहकारी साखर कारखाना गावालगतच, आणि चिपाड हलके, तंतुमय, हाताशी असलेले. पण गाळपानंतरही ओल्या बगॅसमध्ये साधारण दोन टक्के साखर उरते, आणि साखर सिमेंटची वैरीण आहे. सिमेंटच्या वजनाच्या 0.05 टक्के साखरसुद्धा त्याचे घट्ट होणे लांबवते, 0.2 ते 1 टक्क्याच्या दरम्यान ते जवळपास थांबते. पाच किलो सिमेंटला एक किलो ओला बगॅस घातला, तर त्यातून 20 ग्रॅम साखर जाते, म्हणजे 0.4 टक्के. साच्यातून काढताना कुंडीचे काठ ढासळतात ते यामुळे. बगॅस उकळून धुतला तर, असे कोणी विचारेल. वरवरची साखर जाईल, पण सिमेंटच्या तीव्र अल्कलीत तंतूंमधले हेमिसेल्युलोज फुटते आणि सिमेंटला अडवणारी द्रव्ये पुन्हा सुटतात. कोकोपीटमध्ये लिग्निन जास्त, हेमिसेल्युलोज कमी. त्यातले क्षार आणि टॅनिन मात्र दोन-तीनदा पाणी बदलून काढावेच लागतात.

प्लॅस्टिकची कुंडी याहून स्वस्त आणि हलकी, हा आक्षेप खरा आहे. तरी चाळिशीपार उन्हात प्लॅस्टिकची पातळ भिंत तापून मुळे भाजते आणि काही उन्हाळ्यांत ठिसूळ होते. हायपरटुफाच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी झिरपून उडते, त्यामुळे माती निवत राहते. त्यासाठी पाणी जास्त लागते, हेही मान्य. म्हणून गुलाबापेक्षा अडेनियम, कोरफड, निवडुंग अशी कमी पाण्यावर तगणारी झाडे यात लावावीत. सिमेंटमधल्या चुन्याचा दोष अधिक गंभीर. ताज्या सिमेंटचा सामू 12 च्या वर असतो, आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याने पिकांवर केवडा पडतो, तोच इथे कुंडीत पडेल. सिमेंट ओलसर राहून पक्के व्हावे यासाठी कुंडी एप्रिल-मेमध्ये ओतूच नये. पावसाळ्यात किंवा थंडीत ओतावी, ओल्या गोणपाटाखाली चार आठवडे ठेवावी, मग चुना उतरावा म्हणून पाणी बदलत भिजत घालावी. भिजवलेल्या पाण्याचा सामू आठच्या आसपास उतरला की त्यात माती भरावी.