सॉरी

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात काही बिघडलं की एकच शब्द चाले: ‘चुकलं’. चौकात खेळताना चेंडू लागून काकूंची लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा तेलात पाय माखलेले, आणि तोंडातून तो शब्द निघता निघेना. पुढे शाळेतून ‘सॉरी’ शिकून आलो. ते म्हणायला फार सोपं होतं.

अण्णा छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणायचे, “नुसतं सॉरी नको. शुद्धिपत्र दे.” पुस्तकाच्या शेवटी असतात तसे रकाने: पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. कुठे चुकलं, काय चुकलं, काय व्हायला हवं होतं, सगळं सांगायचं.

केसरीवाड्यावरून जाताना ते हमखास 1882ची हकिगत काढत. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ज्या पत्रांवर विसंबले, ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली. तरी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. 1897च्या राजद्रोहाच्या खटल्यात मात्र स्नेही माफी मागा म्हणत असताना टिळकांनी ती मागितली नाही. “माफी चुकीची मागायची, सुटकेसाठी नव्हे,” अण्णा म्हणत. मला ते अजून पटतं.

मराठीत या एका शब्दासाठी केवढा पसारा! माफी अरबीतून आली, दिलगिरी फारसीतून. क्षमा आणि खेद संस्कृतातले. वर्तमानपत्र दिलगीर असतं, सरकार खेद व्यक्त करतं, क्षमा देवापुढे मागायची. घरात ‘चुकलं’च.

अण्णा गेले त्या रात्री डॉक्टर बाहेर आले आणि आईला हळूच “सॉरी” म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं. “त्यांचं काय चुकलं रे?”

मला उत्तर देता आलं नाही. दिवस झाल्यावर कोश काढून बसलो. सॉरीचं जुन्या इंग्रजीतलं रूप वेदनेच्या शब्दावरून आलेलं; म्हणजे मुळात दुखावलेला, व्यथित. फारसीतला दिलगीरही आधी उदासच. चुकीची कबुली दोघांना मागाहून चिकटली. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, त्यांना वाईट वाटलं होतं.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग तसं म्हणायचं.”

शेवटच्या आठवड्यात औषधावरून मी अण्णांवर ओरडलो होतो. कामावर निघताना दारातूनच सॉरी म्हटलं होतं. काय चुकलं ते सांगायचं राहिलं.