वाडा जातो, माणसें राहतात

कर्जांत बुडालेल्या एका जमीनदार कुटुंबाचें घर व बाग लिलांवांत जातात, एवढीच ‘चेरीची बाग’ या नाटकाची कथा. तथापि चेखोव्हनें त्यास विनोदी नाटक म्हटलें. 1904 सालीं मॉस्को आर्ट थिएटरनें तें रंगभूमीवर आणिलें, तेव्हां दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांस तें शोकान्त वाटलें. त्याच वर्षीं चेखोव्ह वारला. वाद मात्र राहिला.

आपल्याकडे महेश एलकुंचवार यांचें ‘वाडा चिरेबंदी’ पाहतांना हाच प्रश्न पडतो. 1985 सालीं विजया मेहता यांनीं तें बसविलें. विदर्भांतील धरणगांवच्या देशपांड्यांकडे पैसा उरलेला नाहीं, परंतु वडिलांचें तेरावें थाटानेंच झालें पाहिजे! दारांत ट्रॅक्टर आहे, तो बंद. वृद्ध दादी घडोघडी किती वाजले म्हणून विचारते. तिकडे लिलांवाची 22 ऑगस्ट ही तारीख जवळ येत असतां गायेव्ह जुन्या कपाटास उद्देशून व्याख्यान देतो! अनौचित्य हें हास्याचें बीज, असें आपलें साहित्यशास्त्र सांगतें. तेव्हां येथें हसूं येणें योग्यच होय.

मग डोळ्यांत पाणी कोठें येतें? आमच्या मतें वाड्यासाठीं नव्हे. हुशार प्रभेस पुढें शिकूं दिलें नाहीं, तेथें आम्हां मास्तर मंडळींचा कंठ दाटतो. रशियन नाटकाच्या अखेरीस सारे निघून जातात आणि म्हातारा नोकर फिर्स बंद घरांत विसरला जातो. वास्तु गेली हें दैव. तिच्या अभिमानांत माणूस विसरला हा मात्र आपला दोष.

आम्ही राहतों त्या काळाचौकीनें हें निराळ्या रीतीनें पाहिलें आहे. 1982 च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले व कित्येक गिरण्यांच्या जागीं उंच इमारती आल्या. ज्या बिऱ्हाडांनीं त्या दिवसांत मुलांची शाळा सुटूं दिली नाहीं, तीं सांवरलेलीं आम्हीं पाहिलीं.

गेल्या ज्येष्ठांत कोंकणांतून धाकट्या बंधूंचें पत्र आलें. वडिलोपार्जित घराचीं कौलें बदलावयाचीं, सबब रक्कम धाडावी, असा मजकूर. आणि शेवटच्या ओळींत, पुतणीचें कॉलेज यंदा थांबवावें लागेल, असें सहज लिहिलेलें. आम्हीं रक्कम धाडिली, परंतु ती पुतणीच्या नांवें. बंधु रागावले आहेत. यंदा पडवी गळेल, हें खरें. तिच्याखालीं घंगाळ ठेवावें, असें आम्हीं त्यांस कळविलें आहे.