संध्याकाळची मूठ

दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात चढल्या की मी पाचदहा मिनिटं तिथेच थांबते. पेंगुळलेल्या कोंबडीच्या मानेखाली, छातीच्या जरा उजव्या अंगाला बोटं टेकवते. तिथे गळ्याखालची पिशवी असते. दिवसभर टिपलेलं सगळं पोटात उतरण्याआधी तिच्यात साठतं. भरलेली असली तर मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी हाताला लागते, रिकामी असली तर नुसती सैल कातडी. कोंबड्यांना किती घालायचं आणि केव्हा, हे मी त्या पिशवीवरून ठरवते.

हे कळायला मला एक वर्ष लागलं. लग्न होऊन कुडाळजवळच्या या घरात आले तेव्हा बारा गावठी कोंबड्या माझ्या हाती आल्या. सकाळी खुराडं उघडलं की दाराशीच मी कणीचं भांडं पालथं करायची. प्रेमाने करत होते. पण कोंबड्या परड्यात जाईनाशा झाल्या. माडांच्या अळ्यांत, शेणाच्या उकिरड्यावर उकरायचं सोडून त्या पायरीशी बसून राहायच्या. अंडी कमी झाली. पुढे त्यातली एक कापली, तर पोटात पिवळ्या चरबीचे थर निघाले. शेजारच्या काकी ते बघून म्हणाल्या, "सकाळीच पॉट भरलंस तर ती परड्यात कित्याक जातली?"

तेव्हापासून सकाळचं भांडं बंद. उन्हाळ्या-हिवाळ्यात सकाळी फक्त ताजं पाणी. भुकेली कोंबडी कामाला लागते. पाचोळा उलटते, गवताचे कोवळे शेंडे खुडते, वाळवी, किडे, गांडुळं शोधते. कणीत मुख्यतः पिष्ट. तिला लागणारी प्रथिनं त्या किड्यांत. शिवाय अंड्याच्या बलकाला गर्द रंग येतो तो या हिरव्या चाऱ्यामुळे.

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाणं लागतं. त्यातला बराच वाटा परडं देतं, उरलेला मी देते. ऊन उतरलं की डब्यात मूठभर दाणे खुळखुळवते. कुठून कुठून धावत येतात, पंख अर्धे उघडे, मान पुढे! कोंबडीमागे ४० ते ५० ग्रॅम, म्हणजे बारा जणींना अर्धा किलो: कणी, मक्याची भरड, थोडी शेंगदाणा पेंड आणि चिमटीभर सुका जवळा. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती सरळ खड्ड्यात पुरते, कारण ते विष आहे. मीठ लावून सुकवलेली मासळीही कधी घालत नाही. खारट त्यांना मानवत नाही.

संध्याकाळच या खाण्याची खरी वेळ, याला आणखी एक कारण आहे. एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, आणि त्यातले २० एक तास कवचावरच जातात. कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं, कोंबडी झोपलेली असताना. दर कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. ते रात्री पिशवीत आणि पोटात नसेल तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते. आमच्याकडे तिसऱ्या होतात तेव्हा शिंपलं मी टाकत नाही. धुऊन, चुलीच्या निखाऱ्यावर भाजून, दगडाने ठेचते. पूड करत नाही, डाळीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवते. मोठे तुकडे पोटात हळूहळू विरघळतात, रात्रभर पुरतात. हे तुकडे दाण्यांत मिसळायचे नाहीत, वेगळ्या करवंटीत ठेवायचे. अंडी देणारी बरोबर तिथे जाते, कोंबडा तिकडे फिरकतही नाही. ज्या वर्षी करवंटी ठेवायला आळस केला, त्या वर्षी हाताच्या दाबाने पिचणारी अंडी मिळाली.

पण नेम बांधून पावसाळा निभावत नाही. जुलैत सतत चार दिवस झोडपलं की कोंबड्या पडवीत अंग चोरून उभ्या राहतात. अशा एका रात्री हात लावला, तर बाराही पिशव्या रिकाम्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच ओलसर कोंडा-भरड घातली, आणि आता पावसाची झड लागली की दोन वेळा घालते. पिलांची तर गोष्टच निराळी. त्यांना दिवसभर समोर खाणं हवं. बारीक कणी, वाळवी, उकडून कुस्करलेलं अंडं. त्यांना डालग्याखाली वेगळं खायला घालते, नाहीतर मोठ्या कोंबड्या टोचून हाकलतात. शिंपलं त्यांच्यापासून लांब. एवढा चुना त्यांच्या कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

वाळवीसाठी जुनं मडकं आहे. त्यात ओलं शेण नि पेंढा भरून वारुळाशेजारी पालथं घालते. सकाळी उचललं की पेंढा वळवळत असतो. पिलं त्यावर तुटून पडतात ते बघत मी चहा पिते. दिवसातली ही माझी सगळ्यात आवडती वेळ.

संध्याकाळच्या दाण्यांचा आणखी एक उपयोग होतो, मोजदाद. दाण्यावर न आलेली कोंबडी एकतर खुडूक बसलेली असते, नाहीतर आजारी, नाहीतर मुंगसाने नेलेली. त्याच वेळी कळलं तर अजून उजेड असतो, शोधता येतं.

तुमच्याकडे चार कोंबड्या असतील तर खाद्याचं पोतं आणण्याआधी आठवडाभर हे करा. रात्री कोंबडी चढली की मानेखाली हात लावा आणि पहाटे सोडण्याआधी पुन्हा लावा. रात्री सैल लागली तर खाणं वाढवा. पहाटे मात्र ती रिकामीच असायला हवी. तेव्हाही टणक भरलेली लागली तर ती कोंबडी आजारी आहे, तिला त्याच दिवशी वेगळी ठेवा.