ऐकणाऱ्याचा विनोद

मराठी चित्रपटाच्या चर्चेत ‘विनोदी नट’ आणि ‘चरित्र अभिनेता’, म्हणजे नायक नसताही एखाद्या विशिष्ट स्वभावाचा माणूस पडद्यावर उभा करणारा नट, असे दोन वर्ग वेगळे मानले जात असले, तरी अशोक सराफ यांच्या कारकिर्दीत ही सीमारेषा फारशी टिकत नाही. आणि ती का टिकत नाही, हे प्रस्तुत लेखकास ग्रंथवाचनातून नव्हे, तर एकच चित्रपट वयाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर पुन्हापुन्हा पाहिल्यामुळे उमगले.

तो चित्रपट म्हणजे सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावर तो बेतलेला आहे. शाळकरी वयात पाहताना लेखकाची नजर साहजिकच स्त्रीवेषात लुगडे सावरणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावर खिळलेली असे; सराफ यांचा धनंजय माने हा केवळ मित्रांना सांभाळणारा थोरला माणूस वाटे. पुढे दूरचित्रवाणीवर तोच चित्रपट पाहताना, हशा एकीकडे पिकत असला तरी त्याची जुळवाजुळव दुसरीकडेच चालू असते, हे ध्यानात येऊ लागले. धनंजयने घरमालकाकडून मधुमेहाच्या औषधासाठी घेतलेल्या ७० रुपयांचा प्रसंग याचा उत्तम नमुना होय. सुधीर जोशी यांचे घरमालक सरपोतदार औषधाची चौकशी करतात आणि धनंजय औषध देणाऱ्याच्या निधनाची वार्ता देतो, तेव्हा सराफ स्वतः ‘लाफ्टर घेत’ नाहीत. नाटकवाल्यांच्या बोलीत याचा अर्थ हशा ओसरेपर्यंत थांबून त्याचे श्रेय पदरात पाडून घेणे असा होतो. ते श्रेय येथे समोरच्या नटाकडे सोपवले जाते.

या संयमाचे मूळ रंगभूमीत शोधता येते. ४ जून १९४७ रोजी मुंबईत जन्मलेले सराफ, आपले मामा व रंगकर्मी गोपीनाथ सावकार यांच्यामुळे तरुणपणीच नाटकात आले आणि वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘ययाती आणि देवयानी’त विदूषक झाले. संस्कृत परंपरेतला विदूषक हा राजाचा सोबती, म्हणजे स्वतः कमी घडवणारा व घडलेल्यावर बोट ठेवणारा. ही योजना योगायोगाची असली तरी पुढच्या वाटचालीकडे पाहता सूचक ठरते. घरच्यांच्या आग्रहाखातर त्यांनी सुमारे दहा वर्षे भारतीय स्टेट बँकेत नोकरीही केली. त्या नोकरीतूनच मध्यमवर्गीय माणसाचा अवघडलेपणा त्यांच्या अभिनयात उतरला, असा तर्क मोह पाडणारा आहे. पण सिद्ध करता येत नसल्याने तो तर्कच राहू द्यावा.

‘जानकी’ (१९६९) हा त्यांचा पहिला चित्रपट असला, तरी लोकांच्या तोंडी नाव झाले ते दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ (१९७५) मुळे. कोंडके यांच्यासारखा प्रेक्षकांशी थेट संधान बांधणारा नट समोर असताना त्याच्याशी चढाओढ न करता उभे राहणे सोपे नव्हते; सराफ यांनी ते समोरच्याचे ऐकून घेत साधले. ‘चौकट राजा’त (१९९१) दिलीप प्रभावळकर यांच्या नंदूला सांभाळून घेणारा गणा साकारताना हीच ऐकून घेण्याची रीत करुणेकडे वळते, तंत्र तेच राहते, बदलतो तो समोरचा माणूस. ‘हम पाँच’ (१९९५) या हिंदी मालिकेत तर समोर माणूसही नसतो: पाच मुलींचा बाप आनंद माथुर भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणाऱ्या दिवंगत पत्नीचे टोमणे ऐकतो आणि प्रेक्षक हसतो ते त्या ऐकण्याला. हिंदी चित्रपटाने मात्र त्यांना बहुधा मुनीम, नोकर, हवालदार अशा चाकोरीतच ठेवले, ही त्या व्यवसायाच्या कल्पनादारिद्र्याची खूण म्हणावी लागते.

अलीकडे प्रस्तुत लेखकाने ७० रुपयांचा तो प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहिला. संवाद मुखोद्गत असल्याने ओठांच्या हालचालींवरून ते मनात उमटतच होते. परंतु केवळ चेहऱ्यापुरते पाहिले असता धनंजय मान्याच्या मुद्रेवर विनोदाचा मागमूस नव्हता. चित्रपट ठाऊक नसलेल्या कोणासही वाटावे की हा गृहस्थ खरोखरच कोणाच्या तरी मृत्यूची बातमी देत आहे.