गाऱ्हाणे

मनुष्याच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस, बरगड्यांच्या खालच्या टोकांशी, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात, एवढे ज्ञान आम्ही शाळेत संपादन केले होते, आणि साठी उलटेपर्यंत त्यात भर घालण्याचा प्रसंग आमच्यावर आला नव्हता. तो 2022 सालच्या श्रावणात आला. जेवणानंतर उजव्या कुशीत दुखे, म्हणून पित्ताशयात खडा आहे की काय ते पाहण्यासाठी डॉक्टरांनी सोनोग्राफी करावयास सांगितले. तपासणाऱ्या बाईंनी ते यंत्र उजवीकडून फिरवीत डावीकडे नेले आणि तेथे त्यांचा हात थांबला. त्या बोलल्या काहीच नाहीत. एकाच जागेची मापे मात्र पुनःपुन्हा घेत राहिल्या. जो शोधावयास गेलो होतो तो खडा सापडलाच नाही. जेथे आयुष्यात कधी दुखले नव्हते त्या डाव्या मूत्रपिंडावर साडेतीन सेंटिमीटरची गाठ सापडली.

पुढे शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन झाले, आणि मूत्ररोगतज्ज्ञांनी ती चित्रे उजेडापुढे धरून आम्हांला समजावून सांगितले. त्यांचे म्हणणे असे की, हल्ली मूत्रपिंडाच्या गाठी बऱ्याच वेळा अशाच, दुसरे काही शोधताना हाती लागतात. पूर्वी लघवीतून रक्त, कुशीतले दुखणे आणि हाताला लागणारा गोळा या तीन खुणांवरून हा रोग ओळखीत. पण तिन्ही खुणा एकदम दिसू लागल्या म्हणजे रोग बहुधा फार पुढे गेलेला असे. एवढ्या आकाराच्या गाठी काढून पाहिल्या तर सुमारे पाचांतील एक निरुपद्रवी निघते. परंतु आमच्या गाठीने औषध ज्या रीतीने शोषून घेतले होते, त्यावरून त्यांना तशी आशा फारशी वाटत नव्हती. सुईने तुकडा काढून तपासता येतो, पण त्याने आमच्या बाबतीत निर्णय बदलणार नव्हता. इतर अनेक कर्करोगांवर जी औषधे आणि जे किरण चालतात, त्यांना हा रोग फारशी दाद देत नाही. शस्त्रक्रिया हाच खरा उपाय. हे सारे त्यांनी अत्यंत सौम्यपणे सांगितले. आम्ही मान हालवीत होतो, परंतु पहिल्या दोन वाक्यांपुढचे काही ऐकत नव्हतो. वर जे लिहिले आहे ते सौभाग्यवतींनी मागाहून कागदावर उतरवून ठेवलेले आहे.

घरी परत येताना गाडीतच ठरले की आईला काही सांगावयाचे नाही. तिला चौऱ्याऐंशीवे वर्ष चालू होते. सोनोग्राफी खड्यासाठी होती हे तिला ठाऊक होतेच. तेव्हा ‘खडाच आहे, पण डाव्या बाजूला निघाला, काढावा लागेल’ असे सांगून आम्ही मोकळे झालो. एकदा आईला खडा म्हटल्यावर शेजाऱ्यांना खडा, देवस्थानच्या महाजनांना खडा, बेळगावच्या धाकट्या बंधूंना फोनवर खडा, असे होत गेले. मौज अशी की, ज्यांना खरे ठाऊक होते ती आम्ही दोघेसुद्धा बंद खोलीत ‘ते’ म्हणू लागलो. ‘ते’ केव्हा काढायचे, ‘त्याचे’ कागद कोठे ठेवले. मराठीत आणि कोंकणीत शब्दांचा तुटवडा आहे असा आमचा समज कधी नव्हता. ग्रीक वैद्यांना गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, त्यांनी रोगाला खेकड्याचे नाव दिले, आणि आपण त्याचा कर्क करून घेतला. मानशीच्या दाराशी पावसाळ्यात हिंडणाऱ्या त्या गरीब प्राण्याने कोणाचे काय बिघडवले होते कोण जाणे! पण त्याचे नाव काही आमच्या जिभेवर चढेना.

शस्त्रक्रियेची तारीख सप्टेंबरच्या मध्यावर मिळाली. अशा गाठी बहुधा सावकाश वाढतात, काही आठवड्यांनी बिघडत नाही, चतुर्थी घरी करा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मावशींच्या कानी ‘खड्याच्या ऑपरेशनची’ वार्ता जाताच त्यांनी कौल घेण्याचा आग्रह धरला. आमच्या देवस्थानांतील ही चाल वाचकांस सांगावयास नकोच. मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावून प्रश्न विचारावयाचा. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्या वडिलांनी शेत घेताना घेतला, बहिणीच्या लग्नात घेतला, आणि त्या कौलांनी घराला दगा दिला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या वेळी मन तयार होईना. डावी पडली तर? शस्त्रक्रिया तर आम्ही करून घेणारच होतो. मग देवीचा शब्द मोडल्याचे ओझे घेऊन टेबलावर जावयाचे काय? आणि उजवी पडली म्हणून डॉक्टरांना चार प्रश्न कमी विचारावयाचे काय?

हे भटजींना एकटे गाठून बोललो. त्यांच्या तीन पिढ्या आमच्या घरच्या पूजा करीत आल्या आहेत. ते म्हणाले, “तुमचे ठरलेले आहे, मग विचारता कशाला? विचारू नका. गाऱ्हाणे घालू.” एवढ्यावर त्यांनी विषय मिटविला. आमच्या मनावरचा भार निम्मा उतरला. उरलेला निम्मा चतुर्थीनंतरच्या शुक्रवारी देवळात आमची वाट पाहत होता.

आई हट्टाने बरोबर आली होती. नारळ, विडा, फुले ठेवली. भटजी गर्भकुडीच्या उंबरठ्याशी उभे राहिले, आमच्या घराण्याचे नाव घेतले, गावाचे घेतले, आणि नेहमीच्या रीतीप्रमाणे मागे वळून म्हणाले, “काय सांगू?” गाऱ्हाण्यात दुखण्याचे नाव घ्यावे लागते, ही साधी गोष्ट इतकी वर्षे देवळात जाऊनही आमच्या ध्यानात आली नव्हती. उजवीकडे आई हात जोडून उभी होती. समोर समईच्या उजेडात देवी. आईशी आम्ही पाच आठवडे खोटे बोलत होतो आणि त्याला दया म्हणत होतो. तेच खोटे येथे पुन्हा बोलावे, तर मग आलो कशाला? आणि खरे बोलावे, तर तिने ते असे, उभ्याउभ्या, चार लोकांत ऐकावे काय? भटजी थांबले होते. त्यांना घाई नव्हती. आम्ही म्हणालो, “कॅन्सर आहे. मूत्रपिंडाचा.”

आवाज आमच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. चौकातील एक गृहस्थ वळून पाहू लागले. सौभाग्यवतींनी आईचा दंड धरला. आईने तो हलकेच सोडवून घेतला. ती रडली नाही, आमच्याकडे पाहिलेही नाही. भटजींनाच म्हणाली, “दावी कूस म्हण सांगात. देवीक हजार जाणांचीं गाराणीं आसतात.” भटजींनी निमूटपणे डावी कूस सांगितली.

परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली. खडा म्हणून सांगितल्याचा राग आला का असे आम्ही विचारले, तेव्हा म्हणाली, “खड्यासाठी कोणी बायकोला रात्री दोन वाजता ओसरीवर बसवून ठेवतो का?” आमच्या पाच आठवड्यांच्या गुप्ततेचे एवढेच मोल झाले.

त्या दिवसापासून तयारी खरी सुरू झाली असे म्हणावे लागेल. बेळगावच्या बंधूंना खरे सांगितले. ते थोडे रागावले आणि रजा काढून आले. डॉक्टरांकडे पुन्हा गेलो ते प्रश्न लिहून घेऊन. सबंध मूत्रपिंड काढणार की गाठीपुरते? गाठ खालच्या टोकाशी आहे, तेव्हा तेवढा भाग कापून उरलेले राखण्याचा प्रयत्न करू. धमनी अर्ध्या तासाच्या आत मोकळी करावी लागेल. न जमल्यास सबंध काढावे लागेल, आणि त्याची संमती आधीच द्यावी लागेल. एकावर चालते काय? चालते. आमच्या बंधूंना वाचनाची हौस. त्यांनी शोधून आणले की, जर्मनीत हायडेलबर्ग येथे गुस्टाव्ह सिमोन या शस्त्रवैद्याने 1869 साली योजून सबंध मूत्रपिंड काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली, आणि तत्पूर्वी एका मूत्रपिंडावर जगता येते याची खात्री कुत्र्यांवर प्रयोग करून घेतली. ती रुग्ण स्त्री वाचली. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातील लिटर दीड लिटरच बाहेर टाकतात, हेही त्यांनीच सांगितले. घरातल्या मंडळींना त्या कुत्र्यांचीच दया अधिक आली.

इतर गोष्टी किरकोळ, परंतु त्यांनी दिवस भरले. रक्त पातळ ठेवणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून थांबविली. वैद्यबुवांचे काढे भूल देणाऱ्या डॉक्टरांना न लपवता दाखविले. त्यांनी तेही बंद करावयास लावले. श्वास ओढून तीन चेंडू वर उचलावयाचे एक प्लॅस्टिकचे यंत्र मिळाले. तिसरा चेंडू वर जातो की नाही हे पाहावयास आई समोर पाट घेऊन बसे आणि कमी पडल्यास पुन्हा करावयास लावी. तारीख पितृपक्षात येते हे मावशींच्या लक्षात आले तेव्हा थोडा गोंधळ उडाला. पण आईनेच तो मोडून काढला. पितर म्हणजे काय परके लोक आहेत, असे ती म्हणाली, त्या पंधरवड्यात ते जवळ आलेले असतात हे बरेच नव्हे काय?

आदल्या रात्री रुग्णालयात मध्यरात्रीनंतर खाणे बंद. पहाटे अंगठी साबण लावून काढली. जानवे उतरून सौभाग्यवतींच्या हाती दिले. बरे झाल्यावर नवे घालावे असे भटजींनी सांगून ठेवले होते. एका तरुण डॉक्टरांनी येऊन शाईने डाव्या कुशीवर बाण काढला. (हे लिहितो आहोत, त्यावरून पुढचे वाचकांनी ओळखलेच असेल, गाठ कर्काचीच निघाली, मूत्रपिंडाचा बराच भाग राहिला.)

आत थंडी फार होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेपूर्वी विचारावयाच्या प्रश्नांची एक यादी घालून दिली आहे. भूल देण्यापूर्वी रुग्णाकडूनच ते वदवून घेतात. डोक्यापाशी उभ्या असलेल्या परिचारिका कागद हातात घेऊन म्हणाल्या, “काका, पूर्ण नाव सांगा.” आम्ही सांगितले.

“कशाचे ऑपरेशन आहे?”

“मूत्रपिंडाच्या कॅन्सरचे.”

“कोणती बाजू?”

“डावी,” आम्ही म्हणालो.